हौदातलं क्लोरीन जातं कुठे?

आदरणीय दादा,

साष्टांग नमस्कार. (माझी कंबर धरली आहे, तेव्हा तो तूर्त बसूनच केला असं समजावं.) तुमची आणि वहिनींची तब्येत उत्तम असणार, तसं नसतं तर वहिनींनी एव्हाना फोन करून करून आम्हालाही आजारी पाडलं असतं. इकडे सगळे ठीक. आजारी आहे तो फक्त मागच्या अंगणातला आमचा स्विमिंग पूल, ज्याला आप्पा ‘हौद’ म्हणतात.

आप्पा काठीशिवाय कधी चालतील आणि तुम्ही त्यांना त्यांच्या घरी पोचवायला कधी यावं, असं तुम्ही विचारलंत. खुब्याच्या ऑपरेशननंतर व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, छातीइतक्या पाण्यात रोज चालायचं. घरात हौद असताना ही काही अडचण नव्हती. अडचण आहे क्लोरीनची. बाई आल्या की आधी पाण्याचा नमुना नळीत घेतात आणि त्यात औषधाचे थेंब टाकतात. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, म्हणून आप्पा आत. नाही झालं तर बाई परत. सकाळी मी स्वतः क्लोरीन घालून, नळी पिवळी झालेली बघून ऑफिसला जातो. दुपारी बाई येतात तेव्हा पाणी इतकं बिनरंगी, की मी क्लोरीन हौदात घातलं की नुसतं मनात, असा प्रश्न बाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो, असं म्हणे. (मी तिथे नसतो, हे आप्पा सांगतात.)

मग तपास सुरू झाला आणि त्याची सूत्रं आप्पांनी हाती घेतली. पहिला संशय उन्हावर. ऊन क्लोरीन खातं हे खरंच आहे, म्हणून त्याला उन्हापासून वाचवणारी पावडर आणून घातली. काडीचा फरक नाही. मग आप्पांची नजर शेजाऱ्यांच्या झाडावर गेली (पानं पडून कुजली की क्लोरीन त्यातच खर्ची पडतं, हेही खरं), आणि मी शिडीवर चढून शेजाऱ्यांच्या फांद्या त्यांच्यादेखत छाटल्या. तेव्हापासून ते आमच्याशी बोलत नाहीत आणि माझी कंबर माझं ऐकत नाही. पूलवाला मिस्त्री येऊन फिल्टरमधली वाळू बदलून गेला. तुमच्या बहिणीने अंगाला क्रीम लावून पाण्यात उतरायला बंदी घातली आणि ती सांगताना फक्त माझ्याकडे पाहिलं. मी जन्मात कधी क्रीम लावलेलं नाही.

रोज संध्याकाळी आप्पा आणि मी काठावर खुर्च्या टाकून बसायचो. ते पाण्याकडे बघत गंभीरपणे म्हणायचे, “जावईबापू, हे प्रकरण साधं नाही.” दादा, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांशी एवढं बोलणं कधी झालं नव्हतं. क्लोरीनवरून विषय त्यांच्या फोटो स्टुडिओवर जायचा आणि तिथून आईंवर. आई गेल्यापासून संध्याकाळी घरात रेडिओ मोठ्याने लावून ठेवतो, म्हणजे कुणीतरी बोलतंय असं वाटतं, असं ते एकदा बोलून गेले आणि लगेच झाडाकडे वळले. मला फार वाईट वाटलं.

गेल्या मंगळवारी कंबरेपायी मी घरीच होतो आणि हे आप्पांच्या ध्यानात नव्हतं. खिडकीतून पाहतो तर ते पायऱ्या उतरून हौदाकडे निघालेले. काठी नाही. दोन्ही हातांत एक डबा, मान ताठ, आणि चाल अशी की मला हेवा वाटला. डब्यातले पांढरे खडे त्यांनी मुठीमुठीने पाण्यात सोडले, हात धुतले, आत येऊन काठी घेतली आणि लंगडत खुर्चीत जाऊन बसले. ते अंघोळीला गेल्यावर मी डबा उघडला. हायपो. डार्करूममध्ये फोटो पक्का करायला वापरतात तो. क्लोरीन त्याच्यापुढे टिकत नाही, हे जन्मभर फोटो धुतलेल्या माणसाला मी काय सांगणार?

आधी मला सणसणीत राग आला. शेजारी तुटले, कंबर गेली, आणि तपास अधिकारीच चोर. मग तुमचा प्रश्न आठवला. काठी सुटली की त्यांनी त्या रिकाम्या घरात परत जायचं, असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आता मी ‘इथेच राहा’ म्हटलं तर जावयाच्या घरी कसं राहायचं म्हणून ते नको म्हणतील, आणि एकदा नको म्हटलं की हट्टाने जातीलही. तेव्हा मी काही पाहिलेलं नाही. बाई गेल्या की संध्याकाळी मी पुन्हा क्लोरीन घालतो, म्हणजे पाणी हिरवं होत नाही. सध्या आमचा संशय जमिनीखालच्या पाइपवर आहे. तुम्ही तिकिटाची घाई करू नये.

आपला मेव्हणा

ता. क. यातलं तुमच्या बहिणीला काही कळवू नका. ती लगेच रडेल आणि आप्पांना सुगावा लागेल.

आणखी एक ता. क. तिला सगळं ठाऊक आहे. पाकीट चिकटवायला दिलं तर तिने आधी वाचून काढलं. तो डबा आप्पांच्या घरून तिनेच आणून दिला होता म्हणे, आणि माझ्या क्रीमचा विषयही मुद्दामच काढला होता.

शेवटचा ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. डबा तळाला आला आहे. इथे हायपो मागितला की दुकानदार नुसते माझ्या तोंडाकडे बघतात. तुमच्याकडे फोटोचं एखादं जुनं दुकान उरलं असेल तर दोन किलो माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवून द्या. मी गुपचूप भरत जाईन. डबा रिकामा दिसला तर ते म्हणतील, चला, आता निघतो.