गुडघ्यावरचं ठिगळ

५ ऑक्टो., रवि.
लोणावळ्यात शाळेच्या पटांगणावर तीन रविवारांचा हस्तकला मेळा. बायकोला, शैलाला, घेऊन गेलो. एका बाईकडं जुन्या जीन्सचं जॅकेट, अठ्ठावीसशे. उभ्या उभ्या मनातल्या मनात उसवून पाहिलं: दोन टाकलेल्या जीन्स, साडीच्या पदराचं अस्तर, एक चेन, दीड दिवसाची शिलाई. उरलेली किंमत बाईच्या जिभेची. ठिगळ जितकं ठळक तितका भाव जास्त. आम्ही ठिगळ झाकायला शर्ट बाहेर काढायचो.

घरी पोती पडलीत. भुशीला धरणाखाली माझं दुकान. भिजायला आलेली पोरं भाड्यानं हाफपँट घेतात, अनामत म्हणून आपली पँट खुंटीला ठेवतात. काही जण ओल्या हाफपँटवरच घरी पळतात. त्यांच्या पँटा सीझन संपला की पोत्यात. शैला म्हणाली, पिशव्या होतील.

८ ऑक्टो.
दिवसभर मशीन. सहा पिशव्या झाल्या. एका जीन्सच्या गुडघ्याला जांभळ्या खणाचं ठिगळ, हातशिलाईचं. शैलानं तोच भाग दर्शनी घेतला. टाके बघून म्हणाली, कुणाचा हात आहे देव जाणे, पण बसलेला आहे.

१२ ऑक्टो., रवि.
मेळ्यात टेबल मिळालं. दुपारपर्यंत पाच गेल्या. खणाची सगळ्यात आधी. शेजारी मातीची भांडी विकणारा म्हणाला, शेठ, गिऱ्हाईक बरोबर ओळखता. त्याला सांगितलं, भुट्टे भाजत होतो तेव्हापासूनची सवय. एकदा पुढ्यात उभं राहिलेलं माणूस मी विसरत नाही. आवाज तर नाहीच नाही.

१६ ऑक्टो.
सकाळी एक गृहस्थ दारात. देहूरोडचे, डेपोत कामाला. भुशीत पत्ता विचारत इथं भाज्याला आमच्या घरापर्यंत आले. चहा नको म्हणाले. पिशवीतून इस्त्री केलेली हाफपँट काढली. कमरेवर माझ्या दुकानाचा आकडा.
"दवाखान्यातनं आमच्याकडं आली. तुमची हाय. धुतलीय. भाडं ऱ्हायलं आसंल तर सांगा."

ऑगस्टात धरणावर वाहून गेलेला पोरगा, त्याचे हे वडील. त्या दिवशी पोलिसांनी दुकानं बंद करायला लावली, सगळी पळापळ. खुंटीवरची पँट त्याची, हे डोक्यातच आलं नाही.

यांचा आवाज ऐकला आणि पोरगा आठवला. तसाच जड, नाकातला. हाफपँट धरून म्हणाला होता, काका, हिच्यात दोघं मावतील. मी म्हणालो होतो, मग भाडंपण दोघांचं दे. हसला होता.

"त्याची जीन आसंल तुमच्याकडं. गुडघ्याला त्याच्या आईनं तिच्या चोळीचा खण लावलाय. तिला पायजे. दुसरं काय मागत न्हाई ती."

शैला आत गेली ती बाहेर आलीच नाही. मी म्हणालो, पोती दुकानात आहेत, शोधतो, चार दिवस द्या.
"सावकाश बघा, भाऊ."
जाताना चप्पल घालायला वाकले, ते बराच वेळ वाकूनच.

१७ ऑक्टो.
शैलानं मशीनवर चादर टाकलीय. चिंध्या चाळल्या. त्या जीन्सचा दुसरा पाय सापडला, आणि एक खिसा. खिसा रिकामा. पाय घडी करून ठेवत होतो, तेव्हा मागून म्हणाली, "पाय देणार त्या माउलीच्या हातात?"

१९ ऑक्टो., रवि.
मेळ्याचा शेवटचा दिवस. टेबल लावलं, वर काही मांडलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे खांदे बघत बसलो. भांडीवाल्याला विचारलं. विकली तुम्ही शेठ, मी कुठनं सांगू, म्हणाला.

संध्याकाळी देहूरोडहून फोन. उद्या नवरा-बायको दोघं येतायत, सकाळच्या लोकलनं मळवलीला उतरून. या म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

खणाची पिशवी रोखीत गेली. गर्दी होती. घेणारी बाई होती की बाप्या, तेही मला आठवत नाही.