रेणापूरच्या दवाखान्याखालची विहीर

४ मार्च, रेणापूर
नांदेडहून सकाळच्या एस.टी.नं आले. लातूर जिल्हा वेगळा झाल्यापासून जिकडं तिकडं पाये खोदणं चालू. इथं दवाखान्याचा. सहा फुटांवर भाजल्या मातीची मोठाली कडी लागली, एकावर एक रचलेली. विहीर! दीड-दोन हजार वर्षांची तरी. आमच्या पुरातत्त्व खात्याला तार आली, साहेब रजेवर, म्हणून मी. एकटीनं सांभाळायचं पहिलंच काम.
सरपंच म्हणाले, "ताई, मेलेल्यांच्या विहिरीपायी जित्यांचा दवाखाना अडवून राहिलात का?"
मी टेप काढून कडं मोजायला लागले. बांधकामाच्या इंजिनियरनी आठ दिवस दिलेत. मग काँक्रीट.

६ मार्च
दुष्काळी कामावरच्या बारा बायका मदतीला. खडी फोडून हात असे झालेत की ब्रश धरवेना. गयाबाई कुंभारीण कड्याच्या आतून बोटं फिरवता फिरवता थांबली. "ताई, हे बगा. सांधा आतून दाबलाय. माझी सासू रांजणाला असाच आंगठा दाबायची."
खरंच आंगठ्याचा ठसा. मला दिसलाच नव्हता. वहीत तिच्या नावानं नोंदला. नाव वाचून दाखवलं तर पदरात तोंड लपवलं.

७ मार्च
नऊ कडी मोकळी. सगळा गाव पाणी लागेल म्हणून बघून राहिलाय. तळाला कोरडा गाळ.
गया: "पाणी न्हाई तर न्हाई, घागर तरी निघंल." निघाली! फुटकी, पण गळा शाबूत.

९ मार्च
भिंत आठ फूट पूर्वेला घेतली तर विहीर अंगणात येते, खोली एकही जात नाही. तीनदा मोजलं.
इंजि. "नकाशा मंजूर झालाय, बाई." मग कागदावर पट्टी ठेवून… "बाळंतिणीच्या खोलीत उजेड वाढतोय की."
सरपंचांनाही दाखवलं. "म्हंजे दवाखाना हायच!" चहा पाजला.

१० मार्च
वडील लोह्याहून आले. लहानपणी गावच्या विहिरीपासून लांब उभे राहायचे, कुणी वरून ओतील तेवढंच पाणी. आज काठावर उभे.
"हिचं पाणी कोण पीत होतं गं?"
"ते मातीतनं कळत नाही, आबा."
"मग तसंच लिही. कळत न्हाई म्हणून."
लिहिलं.
गयाबाई बघ्यांना ओरडत होती, "हात लावू नका, नंबर टाकलेत!" आबा तिला म्हणाले, "ही माझी लेक." तिला माहीत होतं. तरी दोनदा सांगितलं.

१२ मार्च
मुदत संपली. इंजि. सकाळीच नकाशा घेऊन जीपनं लातूरला, सही आणायला. सरपंच आपणहून सोबत गेले.
तीनला ठेकेदार आला. "कागद येवो न येवो, पाचला काँक्रीट पडणार." पाण्याचा टँकर आणून उभा केलाय.
मी काही बोलायच्या आत गयाबाई काठावर जाऊन बसली. मग एकेक करत बाकीच्या. कुणी सांगितलं नव्हतं.
पाच वाजायला दहा मिनिटं. रस्त्यावर धूळ दिसतेय, पण जीपची की बैलगाडीची… वही मिटते. त्यांच्यात जाऊन बसते.