तळ्यावरचा नारळ

कोल्हापूर,
दि. २४ मे १९७८

प्रिय श्यामला हिस,
अनेक आशीर्वाद. येथे सर्व क्षेम आहे. म्हैस व्याली, रेडी झाली. तू पुण्याला परत गेल्यापासून आईला घर मोठे वाटते.

आपल्या दूध संस्थेच्या इमारतीसाठी गावतळे वाळूने बुजवले, तेव्हा जमिनीची परीक्षा मी माझ्या रीतीने घेतली होती. उसाने भरलेली आपली गाडी तीवरून फिरवली. चाक रुतले नाही, म्हणून अध्यक्ष या नात्याने जमीन पक्की असल्याचे मी जाहीर केले. तुला ती गाडी आठवत असेल. ती नवी आली तेव्हा नारळ फोडण्याचा तू हट्ट धरलास व मी तो तुझ्या हातून काढून घेतला. बाईमाणसाने नारळ फोडू नये, अशी आपल्याकडे रीत आहे.

दिवाळीत तू नोकरीवरची माती तपासायची उपकरणे घेऊन आलीस. खड्डा खणून निघालेली वाळू तोललीस, मग बाटलीतली कोरडी वाळू त्यात सोडून खड्डा केवढा ते मोजलेस, म्हणजे भराव किती घट्ट बसला ते कळावे. संस्थेचा मुकादम आकाराम सर्वांदेखत म्हणाला, "आण्णा, पोरगी जमिनीची नाडी बघतीया की!" लोक हसले, मीही हसलो. पुढे तू हातभर खाली उतरून तेच केलेस. तेथे सळई हलक्या ठोक्यांनीच घसरत आत गेली. तू तेथे काही बोलली नाहीस. घरी येऊन, मी पाय धूत असता, हळूच म्हणालीस, "आण्णा, वरची वाळूच घट्ट आहे, खाली सगळी मोकळी. इमारत खचेल. सभेत हे तुम्हीच सांगा."

मी सभेत सांगितले, पण तुझे नाव घेतले नाही. भरलेली वाळू उपसली. चैत्रात तू रजा काढून उन्हात उभी राहिलीस. पातळ थर पसरायचा, पाणी मारायचे, रोलर फिरवायचा, आणि तू तपासून मान डोलावल्यावरच पुढचा थर. शेवटी सळई ठोकताना आकाराम घामाघूम झाला, तरी ती आत जाईना. त्याने घण खाली ठेवून तुला "बाईसाहेब" म्हटले. ते त्याने अद्याप सोडलेले नाही.

काल सभा झाली. अध्यक्षांच्या दूरदृष्टीमुळे इमारत वाचली, सबब पायाभरणीचा नारळ त्यांच्याच हस्ते फुटावा, असा ठराव आला. मी उठून सांगितले की दूरदृष्टी माझी नव्हे, माझ्या मुलीची आहे. तिने माझी मान खाली जाऊ दिली नाही, म्हणून तुम्हांस कळले नाही. नारळ तीच फोडील. आकाराम चाचरत म्हणाला, "पर आण्णा, रीत न्हाय." मी म्हणालो, "आजपासून हाय."

पायाभरणी येत्या सोमवारी आहे. नारळ मी स्वतः सोलून देव्हाऱ्यापाशी ठेवला आहे. या वेळी तो तुझ्या हातात मी देणार आहे. तेवढ्यासाठी हे पत्र. रविवारच्या गाडीने ये. मी स्टेशनवर उभा असेन.

तुझाच,
आण्णा