निरोपाआधीचं उत्तर

सोमवार, ६ जानेवारी
आले बाई एकदाची बारामतीला! सुपरकॉम्प्युटरवरची नोकरी, तीही आपल्याच भागात. सांगवीला आत्याकडं राहायचं, स्कूटीवरून यायचं. खोलीभर कपाटं, कपाटांत मशिनी. यंदा ऊस किती येणार, याचं एकच मोठं गणित सगळ्या मिळून सोडवतात, आणि त्यासाठी एकमेकींना सारखे निरोप धाडतात. निरोप पोचायला लागणारा वेळ मोजायचा आणि कमी करायचा, हे माझं काम. शेजारी स्वरूपा बसते, तिचंही तेच. दोघींतली एकच कायम होणार, असं विजयसिंह सर म्हणाले. रात्री आत्यानं ‘घे गं मोना’ म्हणत भरलं वांगं वाढलं.

बुधवार, १५ जानेवारी
स्वरूपाचे निरोप माझ्याआधी पोचतात. सर तिच्या खुर्चीमागं उभे राहून वा वा करतात. काय ते कौतुक! जीव नुसता जळतो माझा. मेली डबासुद्धा माझ्याआधी संपवते.

गुरुवार, २३ जानेवारी
केलं एकदाचं. निरोप निघाल्याची वेळ एक मशीन नोंदवते, पोचल्याची दुसरी. मधला फरक म्हणजे आमचा आकडा. मी दुसरीचं घड्याळ माझ्या निरोपांपुरतं केसभर मागं सारलं. झाले की मी पहिली! सरांनी पेढे मागवले. स्वरूपाचं तोंड एवढंसं झालं. खरं सांगते, पेढ्यापेक्षा तेच गोड लागलं.

सोमवार, २७ जानेवारी
आकडा आपोआप घटतोय. आज शून्याच्या खाली गेला. म्हणजे धाडायच्या आधीच पोचला? घाबरून घड्याळ जागेवर आणलं. तरी तेच. केबल उपसली. तरी उत्तर आलं.

बुधवार, २९ जानेवारी
स्वरूपाला चहाला बोलवायला वळले. तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, नको गं, आत्ताच तर पिऊन आलो आपण.
मी पिले नाही.

गुरुवार, ३० जानेवारी
सरांना सगळं कबूल करायला गेले. ते म्हणाले, सकाळीच रडून सांगितलंस की, माफ केलं, कायम तूच. पण मी सकाळी— कोण रडलं?

शुक्रवार, ३१ जानेवारी
माझ्याकडं कुणी बघतच नाही. मी पोचायच्या आधी ती दुसरी मी पोचते. माफी तिला, नोकरी तिला. स्वरूपाचासुद्धा एवढा हेवा वाटला नव्हता—
दुपारीच आत्याकडं परतले. ओट्यावर बसून लिहितेय. दाराला आतून कडी. हाक मारली. आत्या आतूनच म्हणाली, मोना जेवतीय आमची, तुमी कोण?
मग माझाच आवाज. बस तू आत्या, बघते मी—
कडी निघतेय. ती विचारतेय, कोण पाहिजे. मी सांगणार, अगं मीच मो—