ठकी आणि गंगेचा गडू

सांगली, ता. ११ जानेवारी १९४६

ती. चिंतूदादास,
चारुशीलेचे सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, एक ठकी सोडून. सासूबाईंच्या मांजरीच्या पोटाशी गाठ आल्याचे तुला दिवाळीत लिहिले होते. ती आता लिंबाएवढी झाली आहे. पलीकडच्या आळीत नानासो म्हणून आहेत, लष्करात घोड्यांचे डॉक्टर होते, लढाई संपल्यावर घरी आले. त्यांनी ठकीला पाहून सांगितले की गाठ काढली नाही तर ही काही होळी बघत नाही. येत्या गुरुवारी क्लोरोफॉर्म देऊन काढतो म्हणाले.

सासूबाईंना हे मुळीच पटलेले नाही. मामंजी गेले त्या महिन्यात ठकी घरात आली, तेव्हापासून ती सासूबाईंच्याच पायथ्याशी झोपते. मांजराला कोणी कापते का, म्हणतात. आणि तिचे काही बरेवाईट झाले तर मला पुन्हा हाक मारू नकोस, असेही बजावले. ह्यांना विचारावे तर मला दोघींच्या मध्ये घेऊ नका म्हणून माधवनगरला गिरणीत निघून जातात. शेवटी मीच होकार देऊन आले. दवाखान्यात तू रोज माणसे शुद्धीवर आणतोस, तेव्हा पुढे काय करायचे ते नीट लिही. भीती वाटते रे, पण आता माघार नाही.

लोभ आहेच, या वेळी थोडी अक्कलही पाठव.
तुझी,
चारू

सातारा, ता. १३ जानेवारी

चि. चारूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी वहिनी पोट धरधरून हसली. कंपाउंडरकीत वीस वर्षे गेली, पण मांजरासाठी सल्ला मागणारी तूच पहिली. अगं, हातून मांजर मेले तर काशीला सोन्याचे मांजर द्यावे लागते, आणि तुझ्या अंगावर एवढे सोने नाही. तेव्हा नीट वाच.

आदल्या रात्रीपासून तिला उपाशी ठेव. गाठ काढून झाली की कुशीवर निजव, मान सरळ ठेव. गोधडीत गुंडाळ आणि कोमट पाण्याची बाटली फडक्यात बांधून पाठीशी ठेव. डोळे उघडेच राहतील, जीभ बाहेर येईल, अंग गार लागेल. ते पाहून रडारड नको. जमिनीवरच ठेव, कारण उठली की झोकांड्या खाईल.

आता मुख्य गोष्ट. ती आपण होऊन मान उचलून धरीपर्यंत तोंडात थेंब घालायचा नाही. दूध नाही, पाणी नाही. त्या झोपेत गिळता येत नाही, घातलेले छातीत उतरते आणि धडधाकट माणूससुद्धा जातो. कोणीही सांगो, अगदी कोणीही, ऐकू नकोस.

संक्रांतीचा तिळगूळ मनाने घे. सासूबाईंना नमस्कार सांग. रागावल्या असतील तर दोनदा सांग.
तुझा,
चिंतूदादा

सांगली, ता. १९ जानेवारी

ती. दादास सा. न.

गाठ निघाली. पाच टाके पडले. नानासो म्हणाले की आमी लय घोडी झोपवली, पर एवढ्याशा जिवाला औषध थेंब थेंब मोजून द्यावं लागलं. दोन तासांत उठेल असे सांगून ते शिराळ्याला कुणाचा बैल बघायला गेले.

तीन तास झाले तरी ठकी उठेना. डोळे सताड उघडे, जीभ बाहेर, पंजे गारठलेले. तुझे पत्र पदराला बांधले होते, ते चारदा वाचले. तेवढ्यात सासूबाई आल्या, बघितले, आणि तडक देवघरात गेल्या. परत आल्या त्या गंगेचा गडू घेऊन! दादा, मामंजींनी काशीहून आणलेला, तोंडाला कथिलाची डाख लावून बंद केलेला गडू. स्वतःच्या शेवटच्या घटकेसाठी सासूबाईंनी तो सोळा वर्षे जपला होता. तो त्यांनी स्वतःच्या हाताने फोडला होता. तुळशीचे पानही होते.

मी ठकीच्या तोंडावर हात ठेवला. म्हटले, घालू देणार नाही. जाणाऱ्या जिवाला गंगा नाकारतेस, कसाई आहेस का, असे त्या म्हणाल्या. मी म्हटले ती जात नाहीये, झोपली आहे. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांना उलट बोलले. तशाच बसलो, त्या ओंजळीत पाणी घेऊन आणि मी हात न काढता. त्यांच्या बोटांतून सगळे पाणी गळून गेले तरी त्या उठल्या नाहीत.

आणि मग माझ्या तळव्याखाली मिशी हलली. चारच्या सुमाराला ठकीने मान वर धरली, उठली, भिंतीवर आपटली, आणि माझ्यावरच गुरगुरली. मी ढसाढसा रडले.

पण सासूबाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. ठकीच्या पाठीशी ठेवलेल्या बाटलीतले पाणी मात्र न सांगता बदलतात. मांजर वाचले, पण त्यांची गंगा माझ्यापायी गेली. ती कशी भरून देऊ? मी पुन्हा तेच केले असते, एवढे मात्र खरे.

माया असू दे.
चारू

सांगली, ता. २६ जानेवारी

रा. रा. चिंतामणराव यांस बनाबाईचे अनेक आशीर्वाद.

माझी नजर अधू, म्हणून हे पत्र चारूकडून लिहवून घेते आहे. एकही शब्द गाळायचा नाही अशी तिला ताकीद आहे. आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही. राग होता म्हणून नव्हे, लाज वाटत होती. माझ्या हाताने मी ठकीला मारलेच असते.

काल टाके निघाले. गडूतली गंगा मी वाटीत ओतून ठकीपुढे ठेवली. तिने आपल्या जिभेने चाटली आणि आणखी मागितली. उरलेली पुन्हा देवघरात ठेवली आहे. डाख फुटली म्हणून गंगेचे काही जात नाही.

माझी वेळ आली म्हणजे ती चारूनेच माझ्या तोंडात घालायची. पोटच्या मुलाने नाही, चारूने. पण आधी बघायचे, मी खरेच निघाले आहे की नुसती झोपले आहे. तिची खात्री होईपर्यंत कोणी कितीही रडले तरी तिने माझ्या तोंडावरचा हात काढू नये.

इथे चारू लिहायची थांबली आहे. तिला म्हटले, रडतेस काय, लिही.

बहिणीचा हट्ट तुम्ही लहानपणी मोडला नाहीत, हे उपकार समजते. येऊन ठकीला बघून जावे.
बनाबाई