राखीच्या वरातीची डिस्क

६ मे २०१२

भागवतला नेलं! अंगात वरातीसाठी शिवलेला नवा सदरा, त्यावर रामचं रक्त. पोलिसांनी विचारायच्या आतच म्हणतो, "मीच मारलं." खोटं! माझा नातू — घरात कोंबडी कापायची म्हटली तर हा गोठ्यात जाऊन बसतो. तो कोणाचं डोकं फोडतो?

मांडवाचा लोखंडी पाइप, एकच घाव. नाचाच्या गर्दीत मारणारा कोणी पाहिला नाही, पाइप तेवढा भागवतच्या हातात दिसला. गावातल्या अर्जुनरावाचा पोरगा राम नाचता नाचता आडवा. कान फाटला, डोळा आत गेला. जालन्याला हलवलाय. बँडवाला इतका घाबरला की वाजवायचं थांबेचना.

राखीवर अक्षता पडल्या कशाबशा. नातीच्या लग्नात कुंकू कमी अन् रक्त जास्त.

मी वऱ्हाडीत सांगते, करिष्मा शाळेतल्या भाषेत करून लिहिते. भागवतची बहीण. रडून रडून कागद ओला करते अन् म्हणते, शाई खराब!

८ मे

करिष्मानं दुसरबीडच्या शूटिंगवाल्याकडून वरातीची डिस्क भरून आणली. खरा मारणारा त्यात दिसला की भागवत सुटला!

भगवान माझा थोरला, भागवत-करिष्माचा बाप. त्याच्याकडं मोठ्या कंपनीचा प्लेअर. मी सांगितलं म्हणून त्यानं डिस्क घातली. प्लेअरनं आत घेतली, घुरघुर केली, बाहेर ढकलली. पुन्हा घातली, पुन्हा ढकलली.

"डिस्क खराब हाय. फेकून द्या."

करिष्मा म्हणते, डिस्क चांगली आहे. याला कंपनीतून छापून आलेलीच लागते, दुकानात भरलेली चालत नाही. म्हणजे मानाचा जावईच की! पंगतीला बसतो अन् पत्रावळ पाहून उठतो.

भगवानला म्हटलं, "याच्यापक्षा पाटा घेतला असता तं चटणी तरी वाटली असती." हसला नाही.

९ मे

धाकट्या सुनेनं, पुष्पानं, शेगावहून दर्शनाच्या रस्त्यावरून एक हलका प्लेअर आणलेला. नाव ना गाव. पण बकरीची जात — बाभूळ द्या, कागद द्या, खाते. घातली डिस्क अन् लागली! हळद दिसली. मी दिसले — तोंडात दात नाही, तरी मांडवात मीच देखणी. मग घोडा आला, नाच सुरू झाला...

तेवढ्यात भगवान आला. वायर उपटली, प्लेअर ओट्यावर आपटला, वरून मुसळ. पत्रा सपाट होईपर्यंत! "चायना माल! डिस्क खाऊन टाकते!" पुष्पा मधे पडली तर तिच्या तोंडावर उलटा हात. ओठ फाटला. धाकट्या भावाच्या बायकोवर भासऱ्यानं हात टाकला! आमच्यात सावलीसुद्धा पडू देत नाहीत.

"काऊन मारलं रे तिले?"

"मायं डोकं सरकलं, माय."

ते तर जन्मापासून सरकलेलं. पत्रा उचकटून डिस्क मी काढली. बोट कापलं. डिस्कला एक चरा, बाकी शाबूत. लुगड्याच्या घडीत ठेवली.

११ मे

राम गेला.

१२ मे

रामला अग्नी देऊन त्याची माणसं तशीच आमच्या दारात. काठ्या, कुऱ्हाडी. "भागवतले फाशी द्या!" फळ्या फोडल्या. धाकट्याचा हात मोडला. टीव्ही विहिरीत. गोऱ्ह्याच्या पायावर कुऱ्हाड घातली — मुक्या जिवानं कोणाचं काय केलं होतं? त्याचं ओरडणं कानातून जाईना.

कंपनीचा प्लेअर तेवढा वाचला. एवढ्या मानाच्या पाहुण्याला हात लावायची कोणाची छाती!

भगवान शेतात होता, म्हणून बचावला.

१५ मे

गावात हलका प्लेअर आता एकच. पुष्पासोबत त्याच दुकानातून घेतलेला, अन्नपूर्णाबाईचा. ती अर्जुनरावाची माय. रामची आजी.

करिष्माचा हात धरून गेले. सुतकाचं घर, ओटीवर बायका. एकीनं चप्पल फेकली, कानशिलावर बसली. म्हटलं, "दुसरीबी फेक, जोड होईल. पण मले आत जाऊ दे."

अन्नपूर्णाबाई रामच्या दिव्यापाशी बसलेली. "काय पाह्याले आली? रक्त?"

"हाव. कोणं सांडलं, ते."

दिव्यापासून उठली. मग सुतकात तिनं टीव्ही लावला.

चऱ्यापाशी चित्र अडकायचं, ठेच लागल्यासारखं पुढं पडायचं. पण चाललं. राम नाचतोय. नाचता नाचता भगवानचा फेटा उडवतो. लोक हसतात. भगवान खाली वाकतो. मला वाटलं, फेटा उचलतोय.

पाइप उचलला.

भागवत धावत येतो, बापाच्या हातातून पाइप ओढतो. तोवर राम पडलेला.

अन्नपूर्णाबाईची नखं माझ्या मनगटात रुतली. "तुया पोरगा हाय तो."

"हाव. मायाच."

करिष्मा लिहिता लिहिता थांबली. लिही, बाई. बाप तुझा आहे, पण पोटात मी वागवलाय.

डिस्क तिथंच ठेवून आले.

१६ मे

पुढच्या दारात पोलीस. भगवान मागच्या दारानं निघाला. मीच हाक मारली — "भगवान, इकडं ये रे."

माय बोलावते म्हणून आला.