लिफ्टवाले गुरुवारी येतात

१ मार्च, रविवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. बदली होऊन या शहरात सात आठवडे झाले, प्रगतीची नोंद कुठेतरी हवीच. पद: लिफ्ट कंपनीत सर्व्हिस सुपरवायझर. हाताखाली नऊ मेकॅनिक, एकशे चाळीस लिफ्ट. तब्येत ठणठणीत. पहाटे पाचला आपोआप जाग येते, मग हॉल ते किचन अकरा पावलं, किचन ते हॉल अकरा. काल घरातल्या घरात नऊ हजार पावलं झाली. लोक यासाठी जिम लावतात.
सामानाची तेरा खोकी अजून बांधलेलीच. आळस नव्हे, धोरण. ही आणि लेक इकडे राहायला आल्या की सगळी एकदम उघडू.
दुपारी तीन ते चार छातीत धडधड. कारण ऑफिसची कॉफी. उद्यापासून चहा.

२ मार्च, सोमवार
चहानेही धडधडतं. दूध बदलून बघतो.
हिचा फोन. लेकीच्या इथल्या शाळेचा फॉर्म ३१ तारखेपर्यंत भरायचा आहे. मी म्हणालो, भर की मग. ही म्हणाली, मी सही करणार नाही, आधी तू कुणा जाणकार माणसाकडे जाऊन बोल. मी विचारलं, कशाबद्दल? तर तिने गेल्या महिन्यातलं गाडीचं प्रकरण काढलं.
ते प्रकरण काहीच नाही. घरी गेलो होतो, बिल्डिंगखाली गाडी लावली आणि पाऊण तास आतच बसलो. पाय उचलेना. लेकीने खिडकीतून बघितलं. मी सांगितलं, महत्त्वाचा कॉल चालू होता. ती म्हणाली, बाबा, मी तुला तीनदा फोन केला, नुसती रिंग जात होती. सहावीतल्या पोरीला इतका तपशील लक्षात ठेवायची काय गरज.
ही शेवटी म्हणाली, दोघींनी तिकडे येऊन तुला येरझाऱ्या घालताना बघायचं असेल, तर आम्ही इथेच बऱ्या आहोत. आणि फोन ठेवला. मी अकरा वेळा लावला. रेंजचा प्रॉब्लेम असणार.

३ मार्च, मंगळवार
ठरलं. जाऊन येतो. हिच्या समाधानासाठी. ऑनलाइन एक कौन्सेलर मॅडम सापडल्या, चौथा मजला, गुरुवार साडेपाचची वेळ घेतली; चार गुरुवार एकदमच बुक करावे लागतात. फॉर्ममध्ये 'तातडीचा संपर्क' भरल्याशिवाय पुढे जाता येईना, म्हणून हिचा नंबर टाकला.
लोकांना सहा सेशन लागतात म्हणे. माझं दोनात आटपेल. मुद्दे काढून ठेवलेत.

५ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ७
गेलो. तिथली लिफ्ट बघून जीव तुटला. कंपनी आमची नव्हे, पण म्हणून काय झालं. दार अर्धं मिटतं, परत उघडतं, परत मिटतं, एकदाचं काय ते ठरवत नाही. आणि चौथ्या मजल्यावर फरशीच्या दोन इंच खाली थांबते. म्हातारं माणूस तोंडावर पडेल.
काउंटरवर साठीच्या एक बाई. सगळे त्यांना मावशी म्हणतात. माझा कंपनीचा शर्ट आणि खांद्यावरची टूलबॅग बघून म्हणाल्या, आलात एकदाचे, तीन आठवडे तक्रार करतेय, आधी ते दार बघा.
खुलासा करणारच होतो. पण वेटिंगमध्ये दोघं बसले होते, त्यांनी मान वर करून पाहिलं. लिफ्टवाला म्हणून पाहिलं आणि परत मोबाईलमध्ये गेले. इतकं हलकं वाटलं की काय सांगू. बॅग उघडली.
दाराचा सेन्सर धुळीने बरबटलेला. पुसला. लेव्हलिंगला वेळ लागणार. निघताना तोंडातून गेलं, पुढच्या गुरुवारी येतो.
हिला कळवलं, पहिलं सेशन छान झालं, मूळ बिघाड सापडला. ही म्हणाली, इतक्या लवकर? मी म्हणालो, अनुभवी नजर लागते. ती खूश वाटली.

६ मार्च, शुक्रवार
अनोळखी नंबरवरून दोनदा फोन. उचलला नाही. मी अनोळखी नंबर उचलतच नाही, कोण काय गळ्यात मारेल सांगता येत नाही. ब्लॉक केला.
दूध बदलूनही धडधड. घड्याळाची पल्स मोजायची पट्टी बिघडली आहे.

९ मार्च, सोमवार
साइटवर एका मेकॅनिकवर ओरडलो. त्याने वायर काळी लावली होती. काळीच लावायची असते. नंतर लक्षात आलं. माफी मागायची आहे, योग्य वेळ बघून.
जेवण उभ्यानेच केलं. खुर्ची आहे, पण तिच्यावर खोकं आहे.

१२ मार्च, गुरुवार
साडेपाचला हजर. वेळेच्या बाबतीत माझा हात कोणी धरणार नाही.
लेव्हलिंग अर्ध्या तासात झालं. मावशींनी चहा दिला. वेटिंगमध्ये कोणी नव्हतं. विचारलं, घरी कोण कोण? सांगायचं एवढंच होतं की बायको आणि एक मुलगी, तिकडे असतात. पण मग लेकीचा अभ्यास मी व्हिडिओ कॉलवर घेतो ते सांगितलं. ती फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते, डबा सरकला की मला छत दिसतं. एकदा वीस मिनिटं नुसतं छत दिसत होतं आणि ती वाचत होती. मी डबा सरळ कर म्हणालो नाही. ऐकत बसलो. कुणी आपल्याशी बोलतंय असं वाटत होतं.
हे सगळं का सांगितलं कळत नाही. चाळीस मिनिटं गेली. मावशींनी एकही सल्ला दिला नाही. मधून मधून नुसतं हं म्हणाल्या. शिक्षण कमी असेल, काय बोलणार बिचाऱ्या.
हिला कळवलं, दुसरं सेशनही झालं.

१३ मार्च, शुक्रवार
सात वाजेपर्यंत झोपलो. कारण उशी. जुनीच आहे, पण काल उलटी केली होती.
नव्या एका अनोळखी नंबरवरून फोन. ब्लॉक.

१६ मार्च, सोमवार
उशीचा गुण संपला. पहाटेपासून अकरा-अकरा पावलं. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर येऊन म्हणाले, तुम्ही काही शोधताय का, मदत करू? चांगले आहेत स्वभावाने. मी म्हणालो, सापडलं.
ते गेल्यावर भिंतीला टेकून बराच वेळ उभा होतो. घरात माझ्याशिवाय कोणी नाही ही गोष्ट आज फार जाणवली. उद्यापासून रेडिओ लावणार.

१९ मार्च, गुरुवार
पंचाईत. मावशींची लिफ्ट पूर्ण दुरुस्त झाली. लोण्यासारखी चालते.
मॅडम स्वतः केबिनमधून बाहेर आल्या. पहिल्यांदाच पाहिलं. चाळिशीच्या, चप्पल साधी. म्हणाल्या, तुमचे आभार, आता माझे पेशंट धडपडत येत नाहीत. मग केबिनचं दार हाताने धरून थांबल्या आणि विचारलं, तुम्ही बरे आहात ना? मी म्हणालो, ब्रेक शू सहा महिने टिकतील.
मावशींशी आज बदलीबद्दल बोललो, गाडीत बसून राहिलो तेही. हिला नीट सांगितलेलं नाही ते यांना सांगितलं, म्हणजे चहात काहीतरी असलं पाहिजे.
निघताना सेन्सरचा एक स्क्रू किंचित सैल सोडला. पुढच्या गुरुवारी यायला निमित्त हवं म्हणून नव्हे. स्क्रू फार आवळलेलाही चांगला नसतो. जाणकारांना माहीत आहे.

२१ मार्च, शनिवार
बावीस वर्षांच्या नोकरीत मी एकही स्क्रू सैल सोडलेला नाही. हे सहज लिहून ठेवतो.

२६ मार्च, गुरुवार. रात्री ८
लिफ्टला पाटी: बंद आहे. जिने चढून गेलो. मावशी खुर्चीत, गुडघ्याला पट्टा, पाय स्टुलावर. सोमवारपासून दार मिटत नाही, त्या रोज चार मजले चढताहेत. म्हणाल्या, तुम्ही गुरुवारीच येणार हे माहीत होतं, म्हणून दुसऱ्या कुणाला बोलावलं नाही.
स्क्रू आवळला. चार मिनिटं लागली. चहा पुढे आला, तो तसाच ठेवला. आज सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. म्हणालो, सेन्सर जुना झालाय. आणि पळालो. जिन्यानेच.
लाज वाटते. इथे दुसरं कारण सुचत नाही.

२७ मार्च, शुक्रवार
हिचा फोन, ऑफिसच्या वेळेत. आवाज बारीक.
क्लिनिकमधून तिला फोन आला होता. तुमचे मिस्टर चारही अपॉइंटमेंटना आले नाहीत, फोनही उचलत नाहीत, सगळं ठीक आहे ना? ही म्हणाली, असं कसं, ते दर गुरुवारी साडेपाचला तुमच्याकडेच असतात. पलीकडून मावशी म्हणाल्या, त्या वेळेला इथे कोणी येत नाही हो, फक्त लिफ्टवाले येतात.
मग मावशींनी विचारलं, तुमची मुलगी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते का?
मी म्हणालो, हे बघ, मी सगळं एक्सप्लेन करतो. ही म्हणाली, नको. त्या बाई अर्धा तास मला तुझ्याबद्दल सांगत होत्या. छताबद्दल, गाडीबद्दल, खोक्यांबद्दल. यातलं एक अक्षर तू मला सांगितलेलं नाहीस. मला म्हणालास, मूळ बिघाड सापडला.
ओरडली असती तर बरं झालं असतं. ती रडत होती. फॉर्मवर सही केलेली नाही. सोमवारी साडेपाचची वेळ तिने स्वतः घेतली आहे.

२९ मार्च, रविवार
उद्याचे मुद्दे, एकूण सात. क्रमांक एक: कॉफी. क्रमांक दोन: शहराची हवा. कागद तीनदा फाडून परत लिहिला. घरात आज चौदा हजार पावलं.

३० मार्च, सोमवार. संध्याकाळी ७
आत गेलो. मॅडम म्हणाल्या, बसा. बसलो. म्हणाल्या, कुठून सुरुवात करू या? कागद काढला. कॉफी म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं, तो स्क्रू मी सैल केला होता.
त्यांनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला. पन्नास मिनिटांतली चाळीस त्यातच गेली. सात मुद्द्यांपैकी एकही झाला नाही. मॅडम म्हणाल्या, आज पुरेसं झालं. मला तर काहीच झालेलं दिसत नाही. दोन सेशनमध्ये आटपेलसं वाटत नाही.
बाहेर मावशींनाही स्क्रूचं सांगितलं. त्या गुडघा चोळत म्हणाल्या, पुढच्या वेळी ती बॅग घरी ठेवून या. पुढची तारीख लिहून दिली. गुरुवार.

३१ मार्च, मंगळवार
हिने शाळेचा फॉर्म भरला. फोटो पाठवलाय, सही आहे. जूनमध्ये येताहेत. फोटो मोठा करून चार वेळा पाहिला. खुर्चीवरचं खोकं उघडलं, बसून जेवलो. दुपारची धडधड होतीच.
पाचव्यांदा पाहताना लक्षात आलं. वडिलांच्या रकान्यात माझं नाव आहे. खाली 'या शहरातला तातडीचा संपर्क' असा एक रकाना आहे. तिथे मावशींचा नंबर आहे.
हिला विचारलं. म्हणाली, शाळेतून फोन आला तर कुणीतरी उचलायला हवा ना.